आधी सा, मग स्केल: गिटारवर स्वर शिकण्याची आणि शिकवण्याची पद्धत

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे कॉलेजचा एक मुलगा आला. वर्षभर दुसरीकडे गिटार शिकलेला. हात स्वच्छ, बोटं भराभर पळणारी. पेंटाटॉनिकचे, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलचे, पाचही बॉक्स (बोटं कुठे ठेवायची त्या आकृत्या) त्याने न अडखळता वाजवून दाखवले. मी मोबाइलवर तानपुरा लावला, पांढरी दोनचा, आणि म्हटलं, "यावर नुसतं सा रे ग म प वाजव." तो थांबला. फ्रेटबोर्डकडे, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांकडे (फ्रेट), बघत राहिला आणि मग विचारलं, "सर, कुठल्या फ्रेटपासून सुरू करू?"

त्याच्याकडे पाच आकृत्या होत्या, पण त्यांतल्या एकीतही सा कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मीही असाच शिकलो होतो. झेरॉक्सच्या कागदावर काळे ठिपके, ठिपक्यांवर बोटं, आणि "रोज शंभर वेळा वर-खाली कर" एवढाच धडा. दोन वर्षांनी एका आरतीची चाल वाजवायला बसलो तेव्हा कळलं, ठिपके पाठ आहेत, स्वर नाहीत. तेव्हापासून मी ज्या क्रमाने शिकवतो, तो क्रम इथे देतो आहे. स्वतः शिकणाऱ्याला तो चालतो, आणि चार मुलं घेऊन शिकवणाऱ्यालाही.

पट्टी वेगळी, स्केल वेगळी

भजनी मंडळात "तुमची स्केल कोणती?" असं विचारलं की उत्तर येतं, "काळी चार." इथे स्केल म्हणजे पट्टी, अर्थात सा कुठे धरायचा ते. गिटारच्या क्लासमध्ये मात्र स्केल म्हणजे त्या सापासून वरच्या सापर्यंतची शिडी: वाटेत कोणत्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा आणि कोणत्या गाळायच्या. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबल्यामुळे नवख्या माणसाचा फार गोंधळ होतो. या लेखात साच्या जागेला मी पट्टी म्हणेन आणि स्वरांच्या शिडीला स्केल.

पेटीची भाषा ज्यांना येते त्यांच्यासाठी गिटारची इंग्रजी अक्षरं अवघड नाहीत. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. एवढं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. महिन्याभरात कागदाकडे बघायची गरज उरत नाही.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवायचा. आपला सा हलतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो कुठेही बसतो. सी, डी, ई ही अक्षरं हलत नाहीत. सा म्हणजे नातं, सी म्हणजे पत्ता. गिटारवाल्याला दोन्ही लागतात, पण शिकताना नातं आधी यावं असं माझं ठाम मत आहे.

गिटार हातात घेण्यापूर्वी

जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असं ट्यूनिंग करा. तारांचे नंबर मात्र उलटे: सगळ्यात बारीक पहिली, सगळ्यात जाड सहावी. ट्यूनरचं अ‍ॅप फुकट मिळतं. ते वापरण्यात कमीपणा नाही. फक्त रोज ट्यून करून झाल्यावर जाड तार एकदा मोकळी छेडून तो स्वर गळ्यातून काढा. मग पुढची. सहा तारा, सहा स्वर, दीड मिनिटाचं काम. यातून जो कान तयार होतो तो कुठल्याही अ‍ॅपमधून मिळत नाही.

बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते बघून घ्या. स्टीलच्या तारांच्या गिटारवर दोन-अडीच मिलिमीटर ठीक. चार मिलिमीटर असेल तर बोटं सोलवटतील आणि स्वरही चढे लागतील. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि तारा वर उचलल्या जातात, म्हणून जूनमध्ये बरी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक लागते. अशा वेळी शिकणाऱ्याला वाटतं, आपलीच बोटं कमजोर. आधी दुरुस्तीवाल्याकडे सेटिंग करून आणा, मग बोटांना दोष द्या. डाव्या हाताची नखं दर आठवड्याला कापायची.

पहिली पायरी: एकच तार

स्केल शिकवताना बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी सहाही तारांवर पसरलेला नकाशा देतात. मी पहिले दोन आठवडे फक्त तिसरी तार वाजवू देतो.

तानपुरा जी मध्ये, म्हणजे पांढरी पाचला लावा. तिसरी तार मोकळी छेडा. तोच सा. आता पहिल्या फ्रेटवर बोट ठेवा: कोमल रे. दुसरीवर शुद्ध रे, तिसरीवर कोमल ग, चौथीवर शुद्ध ग, पाचवीवर म, सहावीवर तीव्र म, सातवीवर प, आठवीवर कोमल ध, नववीवर शुद्ध ध, दहावीवर कोमल नि, अकरावीवर शुद्ध नि आणि बारावीवर वरचा सा. बारा फ्रेट, बारा स्वर. पेटीवर सातही स्वर शुद्ध हवे असतील तर पट्टीप्रमाणे काळ्या-पांढऱ्यांचा हिशेब बदलतो; गिटारवर सगळ्या फ्रेट सारख्याच. हा गिटारचा मोठा गुण आहे आणि नवख्याला तो कोणी सांगत नाही.

बारा स्वरांतून बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध, सात वेचा. मोकळी, दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा. हीच पाश्चात्त्यांची मेजर स्केल. पावलं मोजली तर दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक. एका फ्रेटचं अंतर फक्त दोन ठिकाणी येतं: ग ते म आणि नि ते सा. मुलांना मी हे बोटांनी शिकवत नाही, जिन्यावर शिकवतो. बिल्डिंगच्या जिन्यात उभं करायचं, दोन पायऱ्या, दोन पायऱ्या, एक पायरी असं चढायला लावायचं आणि प्रत्येक पावलाला स्वर म्हणायला लावायचा. नऊ वर्षांचं पोर दुसऱ्या फेरीतच ग वरून म कडे जाताना पाऊल आपोआप आखडतं घेतं.

आता हीच चाल चौथ्या तारेवर करा. तानपुरा डी ला. पुन्हा मोकळी, दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा. आकडे तेच, सा बदलला. पट्टी बदलली, स्केल तीच राहिली. माझ्या अनुभवात 'अरेच्चा' हा उद्गार सगळ्यात जास्त वेळा इथेच ऐकू येतो.

नियम एकच: जो स्वर बोट दाबतं आहे तो तोंडाने म्हणायचाच. आवाज बेसुर लागला तरी चालेल, पण मुका हात नको. लाजणाऱ्या मुलांना मी गुणगुणायला सांगतो, तेवढंही पुरतं.

टेप घेऊन पाच मिनिटं

शिकवणारे हा प्रयोग जरूर करा. शिवणकामाची टेप घ्या आणि नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीपासून, बारावी फ्रेट किती अंतरावर आहे ते मोजा. त्याची दुप्पट म्हणजे तारेची वाजती लांबी. बऱ्याच गिटारींवर ही लांबी ६४८ मिलिमीटर असते, म्हणजे बारावी फ्रेट ३२४ वर. तार बरोबर अर्धी झाली की वरचा सा. सातवी फ्रेट साधारण २१५.५ मिलिमीटरवर येते, आणि ६४८ चा तिसरा हिस्सा २१६. म्हणजे प साठी तारेचा एक तृतीयांश भाग सोडायचा, फरक अर्ध्या मिलिमीटरचा.

आता ग बघा. निसर्गतः जुळणारा ग तारेचा पाचवा हिस्सा सोडला की मिळतो, म्हणजे सुमारे १२९.५ मिलिमीटरवर. पण चौथी फ्रेट आहे १३३.५ च्या आसपास. चार मिलिमीटर पुढे, म्हणून स्वर किंचित चढा. एका फ्रेटच्या अंतराचे शंभर भाग केले तर हा ग चौदा भाग चढा आहे. तानपुरा जुळला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याशी गिटारचा ग तंतोतंत जुळत नाही तो यामुळे. बारा स्वरांत सारखी अंतरं ठेवली म्हणून कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. त्याची ही किंमत.

याचा व्यवहारात उपयोग काय? सी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले स्वर) वाजवून ती गोड लागेपर्यंत खुंट्या पिळायची सवय अनेकांना असते. सी गोड झाली की ई कॉर्ड कडू होते. मग पुन्हा खुंटी. ट्यूनरवर तारा लावा आणि तिथेच थांबा. शास्त्रीय गाणं शिकलेल्या माणसाला हा ग खटकतो, तो खटकणं बरोबर आहे. त्याला सांगायचं की तुझा कान चांगला आहे.

दुसरी पायरी: तार ओलांडणं

एका तारेवर स्वर पक्के झाले की मगच आडवं जायचं. शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं, म्हणजे सा-म. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चारच, म्हणजे सा-ग. जुन्या पद्धतीने पाचवी फ्रेट दाबून पुढची तार जुळवतात, पण तिसऱ्या तारेवर चौथी दाबतात, ती याच कारणाने. सगळ्या आकृत्या दुसऱ्या तारेवर येताना एक फ्रेट पुढे सरकतात, त्यामागेही हेच. एवढं एक वाक्य समजलं की निम्मं पाठांतर वाचतं.

पहिली आडवी स्केल सी ची, मोकळ्या तारा धरून. पाचव्या तारेवर तिसरी फ्रेट सा. चौथी तार: मोकळी रे, दुसरी ग, तिसरी म. तिसरी तार: मोकळी प, दुसरी ध. दुसरी तार: मोकळी नि, पहिली फ्रेट सा. आठ स्वर, हात जागचा हलत नाही.

त्यानंतर मोकळी तार न वापरणारी जी ची स्केल. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर मधलं बोट ठेवा, हा सा. करंगळीने पाचवी, रे. पाचव्या तारेवर दोन, तीन, पाच: ग, म, प. चौथ्यावर दोन, चार, पाच: ध, नि, सा. तिसऱ्यावर दोन, चार, पाच: रे, ग, म. दुसऱ्यावर तीन आणि पाच: प, ध. पहिलीवर दोन, तीन, पाच: नि, सा आणि वरचा रे. चार बोटं, चार फ्रेट, प्रत्येक बोटाची फ्रेट ठरलेली. हीच आकृती दोन फ्रेट वर सरकवली की ए ची स्केल झाली. मधलं बोट जिथे, तिथे सा.

करंगळी दुखेल. अंगठा मानेच्या मागे मध्यावर ठेवा, वरून बाहेर काढू नका. दुखणं बोटांच्या टोकांना असेल तर ते दहा-पंधरा दिवसांत जातं. मनगटात किंवा कोपरात दुखलं तर लगेच थांबा आणि बसण्याची पद्धत तपासा.

पलटे हवेत, धावणं नको

स्केल खालून वर आणि वरून खाली वाजवत राहिलं की हात झोपेतही वाजवतो आणि कान झोपलेलाच राहतो. आपल्याकडे यावर फार जुना आणि उत्तम उपाय आहे, पलटे. सारेग, रेगम, गमप, मपध. मग सारेगम, रेगमप. मग साग, रेम, गप, मध. पेटीवर किंवा गळ्यावर जे केलं तेच गिटारवर. पलट्यात पुढचा स्वर कोणता ते आधी डोक्यात यावं लागतं, आकृती बोट धरून नेत नाही.

ताल लावा. मेट्रोनोमची टिकटिक चालते, पण तबल्याच्या अ‍ॅपवर केरवा लावला तर मुलं जास्त रमतात. केरव्याच्या आठ मात्रांत चारचे पलटे दोनदा बसतात. तीनचे पलटे दादऱ्यात, सहा मात्रांत. तीनचा पलटा केरव्यावर वाजवून समेवर कधी येतो ते मोजायला लावा. आठ पलट्यांनी, चोवीस मात्रांनी येतो. गणित आणि लय एकत्र.

वेग मिनिटाला साठ ठोके. पिक (तार छेडायची चकती) खाली-वर, खाली-वर, तार बदलली तरी क्रम मोडायचा नाही. सलग तीन वेळा एकही स्वर न घसरता आलं तर चार ठोक्यांनी वाढवा. घसरलं तर आठने खाली या. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण वेग याच रस्त्याने येतो. दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

पाच स्वरांचं घर

इथे थोडं रेंगाळू, कारण गिटार आणि आपलं संगीत यांचा हात हातात येतो तो इथे.

बिलावलमधून म आणि नि काढा. उरले सा रे ग प ध. भूप रागाचे स्वर, पाश्चात्त्यांची मेजर पेंटाटॉनिक. आता पाचव्या फ्रेटवरचा तो सगळ्यांना माहीत असलेला बॉक्स घ्या: सहाव्या तारेवर पाच-आठ, पाचवी, चौथी, तिसरी यांवर पाच-सात, दुसरी आणि पहिलीवर पाच-आठ. तानपुरा ए ला, म्हणजे पांढरी सहाला लावा आणि वाजवा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे स्वर. आता बोटं तिथेच ठेवा आणि फक्त तानपुरा सी ला, पांढरी एकला बदला. तेच स्वर अचानक भूप होतात. पहिल्या वेळी सा होता सहाव्या तारेच्या पाचव्या, चौथ्या तारेच्या सातव्या आणि पहिलीच्या पाचव्या फ्रेटवर. आता तो सहावीच्या आठव्या, तिसरीच्या पाचव्या आणि पहिलीच्या आठव्या फ्रेटवर आहे.

हा प्रयोग डोळे मिटून करायचा. माझ्या एका विद्यार्थिनीने, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बाईंनी, तानपुरा बदलल्यावर वाजवणं थांबवलं आणि म्हणाल्या, "घर तेच, दार बदललं हो." मूर्च्छना म्हणतात ती हीच. तानपुरा डी ला लावला तर मेघाचे स्वर, ई ला मालकंसाचे, जी ला दुर्गाचे. एका बॉक्समधून पाच शिड्या, आणि बदललं काय तर फक्त सा. तो कॉलेजचा मुलगा हे करून त्या दिवशी अर्धा तास जास्त बसला.

मात्र शिकवणाऱ्याने एक गोष्ट स्वच्छ सांगायलाच हवी: पाच स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधारावर भर, देशकारात धैवतावर. चलन वेगळं, वेळ वेगळी. स्केल म्हणजे फक्त सामान. रागाची चाल गुरूकडूनच शिकायची. शिवाय फ्रेटवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, निघत नाही, तार ओढून किंवा बोट घसरवून थोडीशी निघते. विश्वमोहन भट्टांनी गिटारचं रूप बदलून तारेवर सळई फिरवली ती याच गरजेपोटी.

भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (राग ज्यांत बसवतात त्या सात स्वरांच्या शिड्या) सहा थाट पाश्चात्त्य मोडशी, म्हणजे तिकडच्या तशाच शिड्यांशी, थेट जुळतात: बिलावल आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी एओलियन. नावं घोकू नका. एका तारेवर, एका सावर, बिलावलमधला फक्त म तीव्र करून कल्याण ऐका. फक्त नि कोमल करून खमाज ऐका. ग आणि नि कोमल केले की काफी. एकेक स्वर हलवत गेलं की कान फरक पकडतो. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना पाश्चात्त्यांच्या सात मोडमध्ये जागा नाही.

स्केलमधून कॉर्ड

कॉर्ड म्हणजे एकाआड एक तीन स्वर. सा घ्या, रे सोडा, ग घ्या, म सोडा, प घ्या. सा-ग-प. सी कॉर्डचा नेहमीचा आकार उलगडून बघा: पाचव्या तारेवर तिसरी फ्रेट सा, चौथीवर दुसरी ग, तिसरी मोकळी प, दुसरीवर पहिली सा, पहिली मोकळी ग. पाच तारा, पण स्वर तीनच. हे एकेक तार छेडून, नाव घेऊन दाखवलं की 'आकार' नावाचं गूढ संपतं.

हेच प्रत्येक स्वरापासून करा. म-ध-सा, प-नि-रे. सा, म आणि प वरच्या कॉर्ड मेजर निघतात, रे, ग आणि ध वरच्या मायनर, नि वरची डिमिनिश्ड. मेजरमध्ये आधी चार फ्रेटचं अंतर, मग तीनचं. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. डिमिनिश्डमध्ये दोन्ही तीन. पाश्चात्त्य पुस्तकं या कॉर्डना रोमन आकडे देतात. मी मुलांना 'साची कॉर्ड, मची कॉर्ड, पची कॉर्ड' असंच शिकवतो. जी च्या पट्टीत सा म प म्हणजे जी, सी, डी आणि ध ची ई मायनर. सी च्या पट्टीत सी, एफ, जी आणि ए मायनर. असंख्य साध्या चाली या चारांत बसतात.

चालीखाली कॉर्ड कोणती, हे शोधायचं कसं? ओळ गा, ज्या स्वरावर ती थांबते तो ओळखा, मग तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती लावून बघा. प वर थांबली तर सा ची किंवा प ची. ध वर थांबली तर म ची किंवा ध ची मायनर. दोन-तीन पर्याय असतात, कान निवडतो.

गाणारा म्हणाला "काळी चारला घ्या", तर कापो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून जी चे आकार. काळी एक हवी तर पहिल्यावरच सी चे आकार. पांढरी दोनला दुसऱ्यावर सी चे. काळी पाचला पहिल्यावर ए चे. घरातल्या आरतीला साथ करायची असेल तर एवढं पुरतं.

मायनरबद्दल थोडक्यात. आसावरीचे स्वर म्हणजे नॅचरल मायनर. त्यात नि कोमल असल्याने प ची कॉर्डही मायनर येते आणि सा कडे परतायची ओढ कमी वाटते. म्हणून पाश्चात्त्य संगीतात नि शुद्ध करून घेतात: ए मायनरमध्ये ई मेजर येते ती त्यामुळे. तयार झालेली स्केल हार्मोनिक मायनर, आणि तिचे स्वर म्हणजे आपला कीरवाणी.

शिकवणाऱ्यांसाठी

गोव्यात चर्चच्या पाठशाळांमधून पोर्तुगीज काळात मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी असे स्वर, गायला शिकवत, वाद्य नंतर. गोव्याहून मुंबईच्या सिनेसंगीतात वादक आणि अरेंजर आले, त्यांत अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही मोठी नावं. त्या परंपरेतला 'डो' म्हणजे कायमचा सी, आपला सा हलता; पण 'आधी गळा, मग हात' हा क्रम दोन्हीकडे एकच. त्यामुळे माझ्या क्लासच्या चाळीस मिनिटांतली पहिली आठ मिनिटं गिटार कव्हरमध्येच असते. तानपुरा, स्वर, टाळी. पुढची पंधरा मिनिटं पलटे, मग गाणं, शेवटी पाच मिनिटं एकमेकांचे स्वर ओळखणं. एकाने पाठ फिरवून वाजवायचं, बाकीच्यांनी सांगायचं.

पालक पहिल्या आठवड्यात विचारतात, गाणं कधी? प्रश्न रास्त आहे. एका तारेवर सात स्वर आले की साधी चाल वाजवता येते, ती दुसऱ्या आठवड्यात द्याच. कॉर्डसाठी मुलाला दोन महिने थांबवून ठेवलं तर गिटार माळ्यावर जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठी गिटार देऊ नका. तीन-चतुर्थांश आकाराची, नायलॉनच्या तारांची द्या.

टॅब (सहा रेघांवर फ्रेटचे आकडे मांडलेली लिपी) वाचायला द्याल त्या दिवशी सांगा की वरची रेघ म्हणजे बारीक तार. गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिलं की जाड तार जवळ, म्हणजे वर दिसते, म्हणून जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्यांदा उलटं वाचतं. त्याला रागावू नका. टॅबचा कागद गिटारच्या शेजारी आडवा धरून तारा बोटाने मोजायला लावा.

मोठ्या वयाच्या माणसांना दुसरीच अडचण असते. त्यांना कळतं पटकन, हात उशिरा वळतो आणि त्याने ते खजील होतात. त्यांना रोज पंधरा मिनिटं सांगा, रविवारी दोन तास नको. आणि जे त्यांना आधीपासून येतं, पेटी, भजन, तबल्याचे बोल, त्यावर बांधा.

बॉक्सचे कागद मी आजही देतो, पण चौथ्या महिन्यात, आणि त्यावर ठिपके रिकामे असतात. प्रत्येक ठिपक्यात स्वर विद्यार्थ्याने स्वतः भरायचा. सा लाल पेनने.

परीक्षा मी अशी घेतो. तानपुरा कुठल्या पट्टीत लावला ते सांगायचं नाही. विद्यार्थ्याने ऐकायचं, गुणगुणायचं, कुठल्याही एका तारेवर बोट सरकवत सा पकडायचा आणि तिथून बिलावल सुरू करायचा. तो कॉलेजचा मुलगा दिवाळीनंतर या परीक्षेला बसला. मी काळी तीन लावली होती. त्याने डोळे मिटले, एक लांब सा लावला, बोट चौथ्या तारेवर वर वर सरकत चौथ्या फ्रेटवर येऊन थांबलं. क्षणभर दाबून ऐकलं आणि मग तिथूनच रे कडे निघाला.